जीआरईचा स्कोअर आलाय, आता त्याचं करायचं काय

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा फोन येतोच आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, ३१४ आलाय, कुठे कुठे होईल?" मला अमेरिकेत एमएस करून आता दहा वर्षं होऊन गेली, तेव्हापासून बऱ्याच पोरांचे फॉर्म शेजारी बसून भरून घेतलेत, आणि आता मी सगळ्यात आधी हेच सांगते की ३१४ असा स्कोअरच नसतो. जीआरई म्हणजे परदेशात मास्टर्स-पीएचडीला जाण्यासाठीची प्रवेश परीक्षा, आणि ती घेणारी ईटीएस ही संस्था व्हर्बलचा म्हणजे इंग्रजीचा स्कोअर वेगळा देते, क्वांटचा म्हणजे गणिताचा वेगळा देते, दोन्ही १३० ते १७० मध्ये, आणि निबंधाचा म्हणजे ॲनालिटिकल रायटिंगचा ० ते ६ मध्ये अर्ध्या अर्ध्या मार्काने. बेरीज आपण करतो. खुद्द ईटीएसने युनिव्हर्सिट्यांना ज्या सूचना दिल्यात त्यात हे स्कोअर एकमेकांत मिळवू नका असं म्हटलंय, आणि नुसत्या जीआरईच्या कटऑफवर कुणाचा अर्ज नाकारू नका असंही म्हटलंय. सगळीकडे ते तंतोतंत पाळलं जातं असं नाही, पण निदान आपण तरी स्वतःला त्या बेरजेत मोजायचं बंद करूया, कारण चुकीच्या निर्णयांची सुरुवात तिथूनच होते.

बेरीज कशी फसवते ते बघा. समजा एकाचा क्वांट १७० आणि व्हर्बल १४४, आणि एकीचा क्वांट १५४ आणि व्हर्बल १६०. दोघांचेही ३१४. कॉम्प्युटर सायन्सच्या ॲडमिशन कमिटीपुढे या दोन अर्जांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पब्लिक पॉलिसी किंवा इतिहासाच्या कमिटीपुढे तोच फरक बरोब्बर उलटा आहे. शिवाय मार्क आणि परसेंटाइल, म्हणजे आपण शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहोत तो आकडा, यांचाही गोंधळ असतो. क्वांटला १७० पैकी १७० पडले तरी परसेंटाइल ९९ येत नाही, नव्वदीच्या सुरुवातीलाच थांबतं, आणि १६० म्हणजे जेमतेम निम्म्या लोकांच्या पुढे. व्हर्बलला मात्र १६० आले तर परसेंटाइल ऐंशीच्या वर जातं. कारण सरळ आहे, क्वांटच्या रांगेत आपल्यासारखीच इंजिनिअरिंग केलेली, अकरावी-बारावीपासून गणितात मुरलेली पोरं उभी आहेत, भारतातून तर दरवर्षी भरपूर मुलं ही परीक्षा देतात, त्यामुळे तिथे वरच्या टोकाला नुसती गर्दी आहे. म्हणून स्कोअर आला की पहिलं काम म्हणजे बेरीज पुसून टाका आणि तीन आकडे तीन ओळीत लिहा, प्रत्येकासमोर परसेंटाइल लिहा, आणि तुमच्या कोर्सला यातली कुठली ओळ लागते तिच्याखाली रेघ मारा.

आता हा आकडा तिकडे गेल्यावर त्याचं काय होतं? मला जेवढं दिसलंय आणि प्रोफेसर लोकांशी बोलून समजलंय त्यावरून सांगते, तो चाळणीसारखा वापरतात. एका डिपार्टमेंटला सीटांच्या कितीतरी पट अर्ज येतात, त्यातले अर्धे अशा कॉलेजातून की ज्यांचं नाव त्या कमिटीने आयुष्यात ऐकलेलं नाही. इथे सीजीपीए १० पैकी, तिथे ४ पैकी, कुठे नुसते टक्के, मग या सगळ्यांना एका पट्टीवर मोजणारी एकच गोष्ट त्यांच्या हातात असते. क्वांट फारच खाली असेल तर वाचणाऱ्याच्या मनात शंका येते की हा मुलगा पहिल्या सेमिस्टरचं गणित झेपवेल का. ती शंका येणार नाही इतपत आकडा असला की त्याचं काम संपलं. त्याच्या वर गेल्यावर १६६ आणि १६९ मध्ये कुणी फरक करत बसत नाही, तिथून पुढे ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरचे मार्क, एसओपी म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारा आपला निबंध, आणि शिफारसपत्रं म्हणजे आपले एलओआर वाचले जातात. इंजिनिअरिंगवाल्यांना मी ढोबळमानाने सांगते की क्वांट १६५ च्या आसपास किंवा वर असेल तर विषय सोडून द्या, १६० च्या खाली असेल तर परत द्यायचा विचार करा, आणि मधे असाल तर बाकीची प्रोफाइल बघून ठरवा. हा माझा अंदाज आहे, कुठल्या युनिव्हर्सिटीचा नियम नाही.

पण काही मुलांसाठी हा आकडा खरंच खूप काम करतो आणि ते त्यांना कुणी सांगत नाही. ज्याला एम-थ्री ला म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताला केटी लागली होती, ज्याची पहिली दोन सेमिस्टर घरच्या कुठल्या अडचणीत वाया गेली, जी डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आली आणि गणितात सुरुवातीला मागे पडली, ज्याचं कॉलेज जिल्ह्याच्या बाहेरही फारसं कुणाला माहीत नाही, किंवा ज्याला मेकॅनिकल करून डेटा सायन्सकडे वळायचंय, अशांना क्वांटचे १६८ म्हणजे मोठा आधार असतो. ट्रान्स्क्रिप्टमधला जुना डाग त्याने पुसला जात नाही, पण वाचणाऱ्याला दिसतं की आजची स्थिती तशी नाही. असा स्कोअर असेल तर तो ऑप्शनल असला तरी पाठवा, लपवून ठेवू नका. उलट ज्याचा सीजीपीए ९ च्या वर आहे, चांगला प्रोजेक्ट आहे, रिसर्च पेपर आहे, त्याने जीआरईसाठी सहा-सहा महिने घालवण्यात मला काही राम दिसत नाही.

"पण ताई, आता जीआरई लागतच नाही म्हणे?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. अर्धं खरं आहे. २०२० मध्ये कोविडमुळे सेंटरं बंद पडली आणि धडाधड सूट दिली गेली हे सगळ्यांना माहीत आहे, पण खरं म्हणजे वाद त्याच्या आधीपासूनचा आहे. २०१४ साली नेचर या विज्ञानाच्या साप्ताहिकात केसी मिलर आणि कीवन स्टासून या दोन फिजिक्सवाल्यांनी लिहिलं की या परीक्षेच्या कटऑफमुळे बायका आणि अल्पसंख्याक गाळले जातायत आणि पुढच्या यशाचा तिच्यावरून नीट अंदाजही येत नाही. मग २०१७ मध्ये व्हँडरबिल्ट आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन युनिव्हर्सिट्यांतल्या बायोमेडिकल पीएचडीवाल्यांवरचे दोन अभ्यास आले, त्यांत कोण किती रिसर्च पेपर काढेल हे जीआरईवरून कळत नव्हतं, नॉर्थ कॅरोलायनाच्या अभ्यासात तर शिफारसपत्रांवरून त्याहून जास्त कळत होतं. (अर्थात ही सगळी आधीच निवड होऊन आलेली मुलं होती, त्यामुळे जीआरई अगदीच निरुपयोगी असा अर्थ मी त्यातून काढत नाही, पण शिफारसपत्राला आपण शेवटच्या आठवड्यावर का ढकलतो हा प्रश्न मला पडतो.) त्यानंतर बायोलॉजीची बरीच डिपार्टमेंट बाहेर पडली, मिशिगन युनिव्हर्सिटीच्या रॅकहॅम ग्रॅज्युएट स्कूलने पीएचडीसाठी जीआरईची अट काढून टाकली, एमआयटीचं इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटर सायन्सचं डिपार्टमेंट मागत नाही, जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन कॉम्प्युटर सायन्स मास्टर्सलाही लागत नाही. दुसरीकडे इकॉनॉमिक्सच्या पीएचडीला क्वांट अजूनही बारकाईने बघतात, आणि कोविडमध्ये सूट दिलेल्या काही इंजिनिअरिंग डिपार्टमेंटनी अट परत आणली. जर्मनीत म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत इन्फॉर्मॅटिक्सला भारतातल्या डिग्रीवाल्यांकडे जीआरई नाहीतर गेट म्हणजे आपली एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा मागत आलेत. म्हणजे "लागते" किंवा "लागत नाही" असं एका वाक्यात उत्तर नाही, प्रत्येक प्रोग्रामचं वेगळं आहे, आणि ते तुम्हालाच शोधायला लागणार.

शोधायचं कसं, तर एक शीट उघडा. माझ्या मावसबहिणीचा मुलगा मागच्या वर्षी साताऱ्याहून आला होता तेव्हा आम्ही रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो ते जेवायच्या वेळेपर्यंत हेच केलं. प्रत्येक ओळीत युनिव्हर्सिटी नाही तर प्रोग्राम लिहायचा, कारण एकाच युनिव्हर्सिटीत एमएस मेकॅनिकलला एक नियम आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या डेटा सायन्सला दुसरा. मग टर्म लिहायची, फॉल म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणारी टर्म कुठल्या वर्षाची ते, कारण गुगलवर वर येणारं पान कित्येकदा दोन वर्षांपूर्वीचं असतं. मग जीआरईबद्दल त्यांनी वापरलेला शब्द जसाच्या तसा उतरवायचा, आपल्या मनाने अर्थ लावून नाही. रिक्वायर्ड, स्ट्राँगली रेकमेंडेड, ऑप्शनल, नॉट रिक्वायर्ड, नॉट कन्सिडर्ड, हे पाच वेगवेगळे शब्द आहेत. त्याच्यापुढे डेडलाइन, ऑफिशियल म्हणजे ईटीएसकडून थेट गेलेला स्कोअर आत्ता लागतो की फॉर्ममध्ये स्वतः टाकलेला आत्ता चालतो आणि ॲडमिट आल्यावर ऑफिशियल मागतात, आणि शेवटी पानाची लिंक आणि आपण ते कधी बघितलं ती तारीख. त्या दिवशी एका ठिकाणी गंमतच झाली, ग्रॅज्युएट स्कूलच्या पानावर नॉट रिक्वायर्ड, डिपार्टमेंटच्या पानावर ऑप्शनल, आणि फेलोशिपच्या तिसऱ्याच पानावर लिहिलेलं की विचार व्हायला हवा असेल तर स्कोअर द्या. तो पोरगा पहिलं पान बघून ती ओळ सोडून पुढे निघाला होता. म्हणून तिन्ही पानं बघा, आणि ग्रॅज्युएट स्कूल व डिपार्टमेंट यांत ज्याची अट कडक ती धरून चला.

तरीही कळलं नाही तर डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मेल टाका, प्रोफेसरला नाही. चार ओळींचा मेल पुरतो, मी अमुक टर्मसाठी अमुक प्रोग्रामला अर्ज करतोय, तुमच्या या पानावर असं आणि त्या पानावर तसं दिसतंय, यातलं कुठलं लागू आहे. "प्लीज इव्हॅल्युएट माय प्रोफाइल" असलं काही त्यात घालू नका, त्याला उत्तर येत नाही. नियमाबद्दल विचारलं तर बहुतेक वेळा दोन-चार दिवसात सरळ उत्तर येतं.

आता त्या पाच शब्दांचं काय करायचं. रिक्वायर्ड असेल तर प्रश्नच नाही. स्ट्राँगली रेकमेंडेड म्हणजे आपल्यासारख्या परदेशी डिग्रीवाल्यांनी लागतेच असं समजून चालायचं, असं माझं मत आहे. नॉट कन्सिडर्ड असेल तर १७० असले तरी पाठवू नका, पैसे वाया. सगळी ओढाताण ऑप्शनलवर होते. तिथे मी एकच विचारते, हा आकडा तुझ्या अर्जातल्या एखाद्या कमकुवत जागेला उत्तर देतो का, किंवा तुझ्या बाकीच्या अर्जापेक्षा ठळकपणे चांगला आहे का? उत्तर हो असेल तर पाठव. अर्ज चांगला आणि आकडा त्याच्यापेक्षा खाली, तर ठेव घरी, ऑप्शनलचा अर्थ ऑप्शनलच घे. निबंधाचा स्कोअर ३ किंवा खाली असेल आणि कोर्समध्ये लिखाण जास्त असेल तर तेही मोजा, आपण त्याच्याकडे बघतच नाही पण स्कोअर रिपोर्टमध्ये तो व्हर्बल-क्वांटच्या शेजारीच छापलेला असतो.

परत द्यायची का, यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण यात मी स्वतः पोळलेय. मी परीक्षा दिली तेव्हा क्वांट १६४ आणि व्हर्बल १५० आले. ज्या कन्सल्टन्सीत आम्ही पैसे भरले होते तिथल्या काउन्सेलरने सांगितलं की ३२० च्या खाली फॉर्म भरण्यात अर्थ नाही, परत दे. बाबांनी काही न बोलता परत फी भरली, आणि मी सप्टेंबर-ऑक्टोबर अख्खे दोन महिने शब्दांच्या याद्या पाठ करण्यात घालवले. दुसऱ्यांदा क्वांट १६५ आणि व्हर्बल १५२. तीन मार्क. आता कळतं की या परीक्षेत मोजमापाची चूकच प्रत्येक सेक्शनला साधारण दोन मार्कांची धरतात, म्हणजे माझ्यात काडीचाही फरक पडला नव्हता, तोच माणूस दुसऱ्या दिवशी मोजला एवढंच. आणि त्या दोन महिन्यात काय राहिलं, तर नोव्हेंबरच्या शेवटी मी एलओआर मागायला सरांच्या केबिनबाहेर उभी होते, सर सबमिशनच्या गडबडीत, म्हणाले तूच ड्राफ्ट करून आण, आणि मी रात्री बसून तिन्ही पत्रं जवळपास एकाच भाषेत लिहून काढली. एसओपीही तसाच घाईत. ज्या दोन ठिकाणी मला मनापासून जायचं होतं तिथून नकार आला. पत्रांमुळेच आला हे मी सिद्ध करू शकत नाही, पण ती तीन पत्रं आज माझ्यासमोर आली तर मी तो अर्ज बाजूला ठेवीन.

म्हणून परत द्यायची असेल तर कारण हातात असू दे. तुमच्या कोर्सला लागणारा सेक्शन खरंच खाली असेल, आणि घरी वेळ लावून दिलेल्या मॉकमध्ये म्हणजे सराव परीक्षांमध्ये त्याच सेक्शनला सातत्याने चार-पाच मार्क जास्त येत असतील, तर द्या. मॉक म्हणजे ईटीएसच्या पॉवरप्रेपच्या, त्यातल्या दोन फुकट आहेत, क्लासच्या मॉकवर निर्णय घेऊ नका. नियमाने दोन परीक्षांमध्ये २१ दिवसांचं अंतर लागतं आणि १२ महिन्यात ५ वेळा देता येते, पण देता येते म्हणून द्यायची नसते, फी काही थोडीथोडकी नाही आणि घरात ती कुणाच्या पगारातून जाते हे आपल्याला माहीत असतं.

वेळेचं गणित असं लावा. बऱ्याच चांगल्या प्रोग्रामच्या फॉलच्या डेडलाइन १ डिसेंबर, १५ डिसेंबर, काही जानेवारी अशा असतात. ऑफिशियल स्कोअर परीक्षेनंतर ८ ते १० दिवसात येतो आणि युनिव्हर्सिटीत पोचून अर्जाला जोडला जायला आणखी वेळ जातो. ऑगस्टपर्यंत पहिली परीक्षा उरकली तर लागलीच तर दुसरी सप्टेंबरमध्ये बसते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर एसओपी-एलओआरला मोकळे मिळतात. २२ सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झालीये, १ तास ५८ मिनिटांत संपते, निबंध एकच, व्हर्बलचे २७ आणि क्वांटचे २७ प्रश्न, मधे ब्रेक नाही. आधीची पावणेचार तासांची परीक्षा डोक्यात ठेवून लिहिलेलं मटेरियल दादा-ताईंकडून आलं असेल तर प्रश्नांसाठी वापरा, वेळेच्या नियोजनासाठी नको. पहिला सेक्शन कसा जातो त्यावर दुसरा सोपा की अवघड ते ठरतं, म्हणून पहिल्यातले सोपे प्रश्न घाईत चुकवू नका. स्कोअर ५ वर्षं चालतो, त्यामुळे शेवटच्या वर्षाला दिली आणि दोन-तीन वर्षं नोकरी करून मग गेलात तरी हरकत नाही, टोफेल-आयईएलटीएस मात्र २ वर्षंच, ती लवकर उरकू नका.

परीक्षा संपली की स्क्रीनवर विचारतात, स्कोअर नोंदवायचा की कॅन्सल करायचा, आणि हे आकडे दिसायच्या आधी विचारतात. घाबरून कॅन्सल दाबू नका, मला वाईट गेला असं वाटणाऱ्या कितीतरी जणांना प्रत्यक्षात चांगला आलाय, आणि नाहीच आला तर तो कुणाला दाखवायचा हे तुमच्या हातात असतंच. मग व्हर्बल-क्वांटचे आकडे दिसतात आणि चार ठिकाणी फुकट पाठवायची सोय मिळते. नंतर पाठवायचं म्हटलं की प्रत्येक ठिकाणाचे पस्तीस-चाळीस डॉलर, म्हणून चार नावं आधीच ठरवून तोंडपाठ करून जा, आत कागद नेता येत नाही, आणि युनिव्हर्सिटी कुठल्या राज्यात आहे तेही लक्षात ठेवा. ही चार नावं शीटमध्ये जिथे ऑफिशियल स्कोअर आत्ताच लागतो अशांची असू द्या. जिथे फॉर्ममध्ये टाकलेला चालतो तिथे आत्ता पैसे घालवायची गरज नाही. दोनदा दिली असेल तर नंतर पाठवताना कुठल्या तारखेचा स्कोअर जाईल ते निवडता येतं, पण एका तारखेचं व्हर्बल आणि दुसऱ्या तारखेचं क्वांट अशी भेळ करता येत नाही.

शेवटचं नावाबद्दल, आणि हे आपल्या मराठी मुलांनी नीट वाचा. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांच्या ट्रान्स्क्रिप्टवर आपलं आडनाव आधी येतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं, कधी त्यापुढे आईचं. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये आपलं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं आणि आडनाव वेगळं. ईटीएसचं अकाउंट उघडताना पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, कारण सेंटरवर ओरिजिनल पासपोर्ट बघतात आणि जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, आणि युनिव्हर्सिटीच्या फॉर्ममध्येही तेच टाका. गेल्या वर्षी एका मुलीने फॉर्ममध्ये मार्कशीट बघून आडनाव पहिल्या रकान्यात भरलं, स्कोअर वेळेत पोचला होता पण पोर्टलवर तीन आठवडे "स्कोअर आलेला नाही" असंच दिसत होतं, कारण तिकडे तो दुसऱ्याच नावाने पडून होता. तिला मी दिलेला मेल असा होता, अर्जाचा नंबर, जीआरईचा रजिस्ट्रेशन नंबर, परीक्षेची तारीख, जन्मतारीख, आणि एक ओळ की स्कोअर रिपोर्टवरचं हे नाव आणि अर्जावरचं ते नाव एकाच व्यक्तीचं आहे, सोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाची कॉपी. दुसऱ्या दिवशी पोर्टलवर बरोबरची खूण आली. डेडलाइनच्या आधी दोन आठवडे स्वतः लॉगिन करून ही खूण बघा, ते आपणहून कळवतील म्हणून थांबू नका.